भोंगामास्तरांचा ओरडा

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये माझे यजमान लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशिन, शिकवायचे आणि शेजारच्या मशिनवर मी. त्यांचा आवाज असा, की पोरांनी नावच पाडलं होतं, भोंगामास्तर. गेल्या वर्षी बसल्या जागी हृदय बंद पडलं आणि गेले. गेममध्ये मात्र वाजत राहिले.

गेम आमच्या लेकीने केलेला. ती तिथेच कॉम्प्युटर शिकवते. सुरक्षेचे नियम नुसते सांगितले की पोरं या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात, म्हणून तिने स्क्रीनवर लेथ उभा केला. बरोबर केलं की गुण, चुकलं की गुण वजा आणि वर तिच्या बाबांचा ओरडा. तो त्यांनी मोठ्या हौसेने रेकॉर्ड करून दिला होता. चष्मा विसरला की, "डोळे काय भाड्याने आणलेत?" बाही सैल राहिली की, "मशिनशी हात मिळवायचाय का?" चकची, म्हणजे काम पकडणाऱ्या फिरत्या जबड्याची, चावी तशीच ठेवून स्विच दाबला की, "चावी काय तुझा मामा काढणार?"

पोरं खो खो हसायची. खोटं कशाला बोलू, मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी उगाच रेंगाळायचे. पुढे पुढे तर कार्टी मुद्दाम चुकायला लागली. गुण गेले चुलीत, भोंगा वाजला पाहिजे! मला तेही गोड वाटायचं.

परवा खऱ्या लेथवर पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी होती. चावी चकमध्येच. मशिन फिरलं की अशी चावी सुटून थेट तोंडावर येते. पोरगी स्विचकडे हात नेत होती आणि गालातल्या गालात हसत होती. मी तिचा हात हिसडून मागे ओढला.

"हसतेस काय, भवाने?"

"सॉरी मॅडम. वाटलं, आता सर ओरडतील."

मी चकमधली चावी काढून एप्रनच्या खिशात टाकली.

घरी आल्या आल्या मी लेकीला सांगितलं, "बाबांचा आवाज काढून टाक. साधी शिट्टी लाव."

"आई, ते अजून शिकवतायत गं!"

"पोरं त्यांच्यावर विसंबतायत. आणि ते नाहीत."

तिने लॅपटॉप उघडला. मग म्हणाली, "फाइल तुझ्या मोबाइलमध्ये टाकते."

"मोबाइलमध्ये ते कुणावर ओरडणार?"

तिने डोळे पुसले आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "काढायच्या आधी तू एकदा खेळ."

मी कधीच खेळले नव्हते. स्क्रीनवर चष्मा लावला, बाह्या दुमडल्या, सगळं हातासरशी होत गेलं.

"अगं, चूक ना एकदा तरी!"

मग मी चावी मुद्दाम चकमध्ये ठेवली. बाण स्विचवर नेला. पण बोट काही दाबेना. त्या पोरीचा हसरा चेहरा समोरून हलेना. त्यांचा ओरडा ऐकायला जीव तुटत होता, नुसतं एक बटण दाबायचं होतं, आणि मला ते जमलं नाही.

मी चावी काढली. स्क्रीनवरचा लेथ गुपचूप फिरला. पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि ते एक अक्षरही बोलले नाहीत.