चिंच, राख आणि शनी

आमचे वडील, नाना, वसमतला देवळाचे पुजारी. १९४६ साली त्यांनी शनीला पुढं करून माझं लग्न अडवून धरलं होतं. कुरुंद्याचं स्थळ मला मनापासून पसंत होतं. मुलाला पोहे देताना बशीच हातातून सुटली, यावरून ओळखा. पण माझी रास मिथुन आणि शनी मिथुनेतच ठाण मांडून बसलेला. कुरुंद्याची मंडळी पाडव्यापर्यंत थांबणार होती, आणि नाना साडेसाती सरल्याशिवाय ऐकायला तयार नव्हते.

माझा भाऊ मार्तंड शाळेत मास्तर. त्यानं वर्षभर एका पिंपाभोवती फिरत, काचेवर काच घासून दुर्बिणीचा आरसा केला होता. तो म्हणाला, "नाना, ज्याला भिऊन राहिले त्याला एकदा डोळ्यानं तर पाहा."

"पाहतो. मग बोलू," नाना म्हणाले.

ठरल्या दिवशी मार्तंड शाळेतून आला, तर आरशाची नुसती काच उरली होती. आरशावर काळपट झाक दिसली म्हणून नानांनी तो देवाच्या चांदीच्या मुखवट्यासारखा चिंच-राखेनं लख्ख घासून ठेवला होता. घरातल्या आरशाची चांदी काचेच्या मागं असते. याची पुढच्या अंगाला, तीही कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. सगळी मोरीत वाहून गेली. हैदराबादेहून औषध आणून ती पुन्हा चढवेपर्यंत पाडवा उलटून गेला असता. मला इतका संताप आला की मी नानांचं पान वाढलंच नाही.

"मला काय ठाऊक? मी तर चांगलंच करून राहिलो होतो," नाना पडेल आवाजात म्हणाले.

मार्तंडनं काच उजेडात फिरवून पाहिली. थोडे बारीक ओरखडे सोडले तर पॉलिश शाबूत होतं. "आकार बराबर आहे," तो मला हळूच म्हणाला. "नुसती काचही थोडा उजेड परत देते. अंधुक दिसल, पण दिसल."

दिवेलागण झाल्यावर अंगणात दुर्बीण लावली. नानांनी डोळा लावला, काढला, उपरण्यानं पुसला आणि पुन्हा लावला. माझा जीव टांगणीला लागला होता.

"कडं आहे की याला," ते शेवटी म्हणाले. "लेकराच्या हातातल्यावानी." मग त्यांनी आकाशाकडं बघून हात जोडले. "मी याचा आरसा राखेनं घासून खराब केला, तरी यानं दर्शन दिलं. राग न्हाई याचा. मार्तंडा, सकाळी कुरुंद्याला निरोप धाड."

"नाना, त्याचं काय आहे, नुसत्या काचेवरून पण..." मार्तंड शिकवायला लागला.

मी त्याच्या पायावर पाय दिला आणि चांगला दाबून धरला.