बोडके वासे

सापातिस पळतच आला. मोजणीवाल्या साहेबाने दुभाषा म्हणून त्यालाच धरला होता. "मावशी, आज ओढ्यापर्यंतची मोजणी. ओढ्यापलीकडची तुझी बाजू उद्या. पण ऐक, खोप रिकामी दिसली की साहेब वहीत 'बेवारस' लिहितो. मग ती जमीन गोऱ्यांच्या घशात गेलीच म्हणून समज. आणि मोजणीची साखळी कोण धरतंय? तोच मेला मॅकॅस्किल, ज्याची गुरं आपल्या बटाट्यांत घुसतात!"

मादलेनच्या तोंडचं पाणीच पळालं. ओढ्याच्या अलीकडची खोप तिच्या लेकीची, आंजेलिकची. लेक-जावई खाडीच्या मुखाशी वामी मासे मारायला गेलेले, आणि खोपीवरच्या भूर्जाच्या साली गुंडाळून नावेतून नेलेल्या. इथले सगळेच मिगमॉ लोक अशा नेतात. मागे वासे उभे असले की माणसं परत येणार, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण साहेबाला त्या नुसत्या काठ्याच दिसणार ना!

तिने स्वतःच्या खोपीच्या साली ओरबाडून काढल्या, पाठीवर बांधल्या, दोन खेपा केल्या. लेकीचे वासे झाकून ती आत जाऊन बसते न बसते तोच बाहेर साखळी खळखळली.

साहेब डोकावला. काहीतरी विचारलं.

"इथे कोण राहतं, विचारतोय," सापातिस म्हणाला.

लेकीचं नाव सांगावं, तर लेक कुठे आहे म्हणून विचारणार. मादलेनची पाचावर धारण बसली. "मी," ती म्हणाली. "मी राहते. लेक, जावई, सगळेच राहतो."

सापातिसने तिच्याकडे बघितलं आणि निमूट तसंच सांगितलं. साहेबाने लिहून घेतलं. वाचली बाई जमीन!

पण साहेबाने आभाळाकडे बघितलं. उत्तरेकडून बर्फाचे ढग भरून येत होते.

"मावशी," सापातिस म्हणाला, "पलीकडचंही आजच उरकू म्हणतोय."

ती आडवाटेने धावत सुटली. तिच्या खोपीचे वासे बोडके उभे होते. मधल्या चुलीतून अजून धूर निघत होता. याच जागी तिने चार लेकरं जन्माला घातली होती, नवऱ्याने प्राण सोडला होता. आता साली आणायला वेळ कुठला? आणि हीपण माझीच म्हणावं, तर पहिलं खोटं उघडं पडणार, लेकीचीही जाणार. धूर दिसला तर इथेही कुणी राहतं हे कळणारच; तिने पायाने माती लोटून निखारे विझवले. टाच भाजली, तरी हूं की चूं केलं नाही.

साखळी आली. मॅकॅस्किल वाशांभोवती फिरला, दात काढून हसला. साहेबाने वही उघडली.

"मावशी, सांगू का गं खरं?" सापातिस आपल्या भाषेत पुटपुटला. त्याचे डोळे भरले होते.

"गप्प बस, मेल्या."

साहेबाने सापातिसकरवी तिलाच विचारलं, ही कुणाची?

तिने वाशांकडे पाठ फिरवली. "कुणाची नाही," ती म्हणाली.

मॅकॅस्किलने तिथेच खुंटी ठोकली.