तांबड्या दोरीचे कागद

१९६८ साली नव्या रस्त्यात जाणाऱ्या जमिनींच्या मोजणीसाठी कुसगावात दोन खोल्यांची तात्पुरती कचेरी उघडली होती. तिथं बदलीवर आलेल्या राजमहंमद कारकुनांना पहिल्याच आठवड्यात शंका आली. मारुती नावाचा शेतकरी तिसऱ्यांदा विचारायला आला होता, ‘‘माज्या हरकतीचं काय झालं?’’ हरकतींचा तांबड्या दोरीचा गठ्ठा त्यांनी दोनदा चाळला. अर्ज सापडला तो पांढऱ्या दोरीत, संमतीच्या कागदांत. म्हणजे मारुती जमीन द्यायला राजी आहे, असंच वर कळलं असतं.

गठ्ठे बांधायची बायडाबाई. डोंगरातल्या वाडीवरची, लिहिता-वाचता न येणारी. रस्त्याच्या ठेकेदाराचा मुकादम येता-जाता तिच्यापाशी थांबायचा, हे राजमहंमदांनी पाहिलं होतं. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी कपाट आवरायचं निमित्त करून त्यांनी तिच्यावर नजर ठेवली.

ती कागदाचा मथळा बघतच नव्हती, तळ बघायची. अंगठा दिसला की पांढरी दोरी, सही दिसली की तांबडी.

‘‘मावशी, असं लावायला कुणी सांगितलं?’’

‘‘आदीच्या भाऊसायबांनी. अंगठा म्हंजी संमती, सही म्हंजी हरकत.’’

सुरुवातीला ते खरंही होतं. संमतीचे छापील कागद वाड्यांवर फिरवून अंगठे घेतले होते, आणि हरकती घेत ते तुंगार्लीचे शिकलेले बंगलेवाले. आता मात्र शेतकरीही कुणाकडून तरी हरकतीचा अर्ज लिहून घेत आणि खाली अंगठा उठवत.

राजमहंमद ओशाळले. त्यांनी पाटीवर ठसठशीत ‘ह’ काढला, शेजारी टिंबासकट ‘सं’.

‘‘मथळ्याचं पहिलं अक्षर बघायचं. हे असलं तर तांबडी, हे असलं तर पांढरी. दोन्ही नसलं तर कागद माझ्या टेबलावर.’’

दुपारभर बसून दोघांनी पांढऱ्या दोरीतून सतरा हरकती काढल्या. मधेच बायडाबाई हळूच म्हणाली, ‘‘आमच्या वाडीची मान्सं अर्ज घिऊन याया लागली, तवा म्या भाऊसायबांना इचारलं व्हतं, ह्यो कागद निराळा दिसतुया. त्ये म्हणलं, अंगठा हाय न्हवं, मग पांढरी.’’

‘‘त्यांनी वाचला होता?’’

‘‘व्हय. समदा वाचला, मंग माज्याकडं दिला.’’

राजमहंमदांनी हातातल्या अर्जाचा मथळा पुन्हा वाचला: ‘हरकत’.

सतराही जणांना सुनावणीच्या तारखा कळवल्या गेल्या. मारुतीची निम्मी जमीन वाचली. आधीच्या कारकुनानं बदली स्वतःहून मागून घेतली होती, एवढं राजमहंमदांना चौकशीत कळलं. मुकादम कचेरीकडं फिरकेनासा झाला. घडल्या प्रकाराच्या अहवालात ‘नजरचूक’ लिहावं की नाही, इथं ते बराच वेळ अडले. शेवटी बायडाबाईनं सांगितलं तेवढंच लिहून त्यांनी कागद वर पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही.