एकोडीच्या पाहुण्यांची गाडी

मला राग आला की तो उतरत नाही. बाबांचा राग दुधासारखा, उतू जातो आणि मोकळा होतो. माझा मुरतो. एकोडीच्या यादोरावांवरचा राग मी तीन वर्षं मुरवला. पुढचं वाचून कोणी मला खुनशी म्हटलं तर खुशाल म्हणावं.

आमचं लाखनीला हायवेला लागून ट्रकच्या बॉड्या बांधायचं दुकान आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी बाबांनी ते टाकलं. मला भाऊ नाही, म्हणून वेल्डिंग मीच शिकले, आणि चांगलं शिकले. भूषण मला पाहायला आला तेव्हा हे यादोराव, म्हणजे त्याचे मामा, सोबत होते. त्यांनी मला चालायला लावलं, पेपर वाचायला लावला, माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले. "खरखरीत आहेत," असं आईला म्हणाले, जसं काही बाजारात वांगं किडकं निघालं.

भूषण मात्र बरा वाटला. आम्हाला दोघांनाच मागच्या अंगणात बोलायला सोडलं, तेव्हा त्याने मोबाइलवर एका गाडीचा फोटो दाखवला. जुन्या काळची विलायती स्पोर्ट कार. हिरवी, उघडी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. "मले अशी गाडी पायजे होती," तो म्हणाला. मी म्हटलं, फोटो पाठवा मलाही. मला तो आवडला होता. खोटं कशाला बोलू.

होकार आला, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आईला इतका आनंद झाला की ती भंडाऱ्याला जाऊन रुखवताची पितळी भांडी घेऊन आली आणि त्यांच्यावर 'भूषण रीता' अशी नावंही कोरून आणली. बाबा म्हणाले, "साक्षगंध त होऊ दे." आई म्हणाली, "नाव टाकणारा तेथीच बसला होता. आता काय पुन्हा चकरा मारू?"

साक्षगंधाच्या दिवशी पाहुणे पोटभर जेवले. वडे संपले म्हणून आईने पुन्हा कढई ठेवली. पान तोंडात गेल्यावर यादोरावांनी विषय काढला. पोराला चारचाकी हवी. बाबांनी हात जोडले, हे आधी बोलणं नव्हतं म्हणाले. यादोरावांनी पान इकडून तिकडे केलं आणि दुकानाकडे पाहिलं.

"दिवसभर गाड्यायच्या बॉड्याच ठोकता न सेवकरामजी. घ्याची ऐपत नसन त एक घरीच बनवून द्या जवयाले."

सगळे हसले. मी भूषणकडे पाहिलं. तोही हसत होता. मग मंडळी हात पुसत उठली आणि सोयरीक मोडून निघून गेली. त्यानंतर बाबांनी कितीतरी दिवस कोणाच्या लग्नाला पाय ठेवला नाही. कोणी बोलवायला आलं की त्यांचं पोट दुखायचं.

म्हणून मी गाडी बनवायला घेतली. पाहुण्यांनीच सांगितलं होतं. फोटो माझ्याकडे होताच.

भूषणने ती गाडी पाहावी, त्याचा जीव तिच्यात अडकावा, आणि मग त्याने चारचौघांत नकार ऐकावा, एवढंच मला हवं होतं. ते होईपर्यंत मला चैन पडणार नव्हतं.

भंगारातून एका ठोकलेल्या व्हॅनचं इंजिन आणि गिअरबॉक्स आणला. घरामागे शेड घालून चौकोनी पाइपची चेसिस जोडली. इथपर्यंत सोपं होतं. पण ट्रकची बॉडी सगळी सरळ असते, आणि या गाडीच्या अंगावर एक रेघ सरळ नव्हती. रेतीच्या पोत्यावर पत्रा ठेवायचा, लाकडी हातोड्याने ठोकायचा, फिरवायचा, पुन्हा ठोकायचा. पहिला मडगार्ड भोपळ्यासारखा झाला, तो फेकला. कंटाळा आला की भूषणचं हसणं आठवायचे, मग हात आपोआप चालायचा. बाबा आधी लांब बसून नुसते बघत. एक दिवस म्हणाले, "बाक चुकला. खालून ठोक." आणि दुसरा हातोडा घेऊन तेही बसले.

आई धुसफुसत होती. नवी स्थळं येत आणि शेडमधला सांगाडा पाहून परत जात. "लोखंडासंगंच लगन लावून घे," म्हणायची. हेडलाइटसाठी मनासारख्या वाट्या मिळेनात, तेव्हा मात्र तिने कोठीतून रुखवताची दोन पितळी तपेली आणून माझ्यासमोर ठेवली.

"हे घे. नावं टाकली आहेत, दुसऱ्याच्या घरी त जात नाही आता."

"नावं घासून काढू काय?"

"राहू दे," ती म्हणाली.

तिला अजून आशा आहे, असं मी समजले. फार चीड आली. पण तपेली फिट बसली.

गाडी झाली. कागदपत्रं नाहीत म्हणून हायवेवर नेता येत नव्हती, तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, फिरवायचे. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत एकोडीला पोचला. यादोरावांचा फोन आला. भूषणचं अजून कुठे जमलं नव्हतं. "ते बोलणं अर्धंच राहिलं होतं सेवकरामजी. गाडीबी झाली म्हणते. आता कायची अडचण?"

बाबा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "येऊ द्या. जेवालेच या म्हणा."

यादोरावांशी मी भांडले असते. पण आई पाहुण्यांसमोर पदर डोळ्यांना लावून बसली असती तर माझ्या तोंडून नाही निघालं नसतं.

रविवारी सकाळपासून ती स्वयंपाकघराचं दार लोटून आत होती. पाहुणे आले. भूषण घरात न येता सरळ गाडीकडे गेला. नाकावरून हात फिरवला, स्टिअरिंगला हात लावला, मग समोर येऊन वाकला. तपेल्याच्या बाजूला कोरलेलं त्याने वाचलं.

"मायं नाव?" तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मीच विरघळले. मग यादोराव सीटवर बसून बघत म्हणाले, "पोरीचे हात कामाचे निघाले," आणि मी ठिकाणावर आले.

दोघांना अंगणात खुर्च्या दिल्या. मी समोर बसले.

"भूषणजी, जरा चालून दाखवता काय?"

तो हसला. मी हसले नाही. मग तो उठला आणि खरंच तुळशीपर्यंत जाऊन आला. मी पेपर पुढे केला. चार ओळी त्याने वाचल्या.

"हे काय चालून राहिलं?" यादोराव म्हणाले.

"पाहून राहिली, मामाजी. असंच पाहते न?"

भूषणचे तळहात मी उलटेसुलटे करून पाहिले. मऊ होते. "तुमी सांगतलं तशी गाडी घरीच बनवली," मी यादोरावांना म्हटलं. "पण जवई मले पसंत नाही."

भूषणची मान खाली गेली. "मंग मायं नाव काहून ठेवलं समोर?"

"चिखल पयले तेथीच उडते."

बाबा खोकले. मी आईच्या रडण्याची वाट पाहत होते. यादोराव मुरलेले. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोट्टी रागात आहे. पयले जेवून घेऊ, मंग बोलू." आणि हात धुवून ते स्वयंपाकघराकडे वळले.

आईने दार उघडलं आणि बाजूला झाली. शेगडी पुसून कोरडी होती. भांडी घासून पालथी घातली होती. पोळपाट भिंतीला टेकवून ठेवलेला. सकाळपासून आत ती काय करत होती ते मला तेव्हा कळलं. ती नुसती बसून होती.

"स्वयंपाक?" यादोराव म्हणाले.

"मागच्या वेळी तुमी जेवून नाही म्हटलं, भाऊ," आई शांतपणे म्हणाली. "आमी जेवू न घालता म्हणून राहिलो."

बाहेर ऊन रणरणत होतं. पाहुणे उपाशीच गेले. भूषणने फाटकापाशी वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, गाडीकडे.

आई चिंचेचा गोळा घेऊन शेडमध्ये आली आणि दिव्यांसमोर उकिडवी बसली. अंगठ्याने घासत राहिली. धुतल्यावर दोन्ही तपेल्यांवरचं 'रीता' सोन्यासारखं चमकत होतं. शेजारच्या नावाला तिने हातही लावला नव्हता. आताही ती दर सणाला तेवढंच घासते. भूषण काळा पडत चालला आहे.