मुखवट्याला लावलेला रंग

खळं एक, व्यास एकोणचाळीस फूट, नुकतंच सारवलेलं. मधोमध बैल फिरवायचा तिवडा. कागदाच्या लगद्याचे मुखवटे सात. सहा वाळलेले, एक, राजाचा, अजून ओला. कावेने रंगवलेल्या चादरी चार. ढोलकी एक. बघणारी माणसं, कडेवरची बाळं धरून, दोनशे अकरा. ती मी दोनदा मोजली, कारण दुसऱ्या खेपेला कडब्याच्या गंजीवर आणखी नऊ जण सापडले.

१९४६ च्या नाताळानंतरचा शुक्रवार होता. श्रीगोंद्याच्या अलीकडे, खडकेवाडीत, भर दुपारी ग्रीक नाटक होणार होतं. नाटक मराठीत होतं आणि ते आमच्या मिशन शाळेचे हेडमास्तर यशया यांनी स्वतः लिहिलं होतं. ग्रीक होती ती पद्धत. ग्रीकांचे खेळ उन्हात होत, मुखवटे घालून होत आणि आपल्या खळ्यासारख्याच गोल जागेत होत, असं मास्तरांनी वाचलं होतं. मी त्याच जूनमध्ये बी.एस्सी. होऊन तिथे शास्त्र शिकवायला लागलो होतो.

गोष्ट साधी होती. शहराला वेढा पडला आहे. राजा हुकूम काढतो की सूर्य मावळल्यावर वेस कुणासाठीही उघडायची नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्याचाच मुलगा जखमी होऊन बाहेर उभा राहतो. राजा वेस उघडत नाही.

तालमीत मी मास्तरांना विचारलं होतं, "राजाचा नेमका दोष कोणता? कळला तर तो वजा करून बघता येईल."

"बघा की वजा करून."

"हट्ट."

"हट्ट काढलात तर वेस पहिल्याच रात्री कुणाच्या तरी मामासाठी उघडली असती आणि शहर गेलं असतं. ज्याने शहर वाचलं त्यानेच मुलगा मेला. ग्रीकांचा नायक दुष्ट नसतो हो, आणि निर्दोषही नसतो. आता गुण कुठे संपला आणि दोष कुठे सुरू झाला, ती रेघ तुमच्या फूटपट्टीने आखून दाखवा."



या नाटकाला गावात एक अडचण होती आणि ती मास्तरांनीच करून ठेवलेली होती. नऊ वर्षांपूर्वी, तरुणपणाच्या जोरात, त्यांनी आमच्या ख्रिस्ती मंडळीकडून एक नियम करून घेतला होता: जो सभासद तोंडाला रंग लावून खेळ करील किंवा अशा खेळाला साथ देईल, त्याला प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, बसता येणार नाही, बसायचं तर त्याने रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून ते पाप कबूल करायचं. रोख तमाशावर होता. नियमात पहिला सापडला तो भीमा, मास्तरांचा शाळेतला सोबती. भिंगारच्या एका फडात तो ढोलकी वाजवायचा. भीमा उभा राहिला नाही. नऊ वर्षं त्याने प्रभूची भाकर घेतली नाही, आणि त्याच्या मुलीचं लग्न चर्चऐवजी अंगणात लागलं.

नाटकातल्या गाणाऱ्यांच्या मेळ्याला ठेका हवा होता. मास्तर मला घेऊन त्याच भीमाच्या दारात गेले.

"कोन, यशया? वाट चुकलास जनू."

"ढोलकी पाहिजे. नाटकाला."

"तुज्या नाटकाला? लई भारी! नऊ वर्सं माजी ढोलकी पाप हुती, आता पवित्र झाली व्हय?"

"ढोलकी तीच आहे."

"मग बदललं कोन?"

मास्तर बाजेच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "माझं चुकलं, भीमा. नियम चुकला आणि तुझ्यावर चालवला ते त्याहून चुकलं."

भीमा माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी शास्त्रवाले ना? लिहून ठिवा. ह्यो मानूस चुकलो म्हनला." मग ढोलकी खाली घेत तो म्हणाला, "येतो. पन मुखवटा न्हाई घालनार. माजं तोंड समद्या गावाला ठावं हाय."

खेळ झाला. राजा झालेल्या मास्तरांचा ओला मुखवटा उन्हात आणि घामात पाझरत राहिला. मुलाचं प्रेत खळ्यात आणल्यावर मास्तरांनी तो काढला, तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत त्यांचं तोंड लाल झालेलं होतं. बायका रडत होत्या. मंडळीचे पंच एलियाभाऊ रडत नव्हते. रविवारी उपासना संपताच ते उठले आणि म्हणाले, "नियम हाय. हेडमास्तर झाला म्हनून त्यो बदलत न्हाई."

पुढच्या रविवारी मतं घ्यायची ठरली. आमच्या मंडळीत असले निवाडे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एकटे करत नाहीत. सभासद हात वर करून करतात. मास्तरांची नोकरी त्यावरच होती, कारण प्रभुभोजनाला बसू न शकणाऱ्या माणसाला शाळेचा हेडमास्तर राहता येत नव्हतं. राहत्या दोन खोल्याही शाळेच्या होत्या.

मधल्या आठवड्यात पाळकसाहेब मास्तरांच्या घरी आले. मीही तिथेच होतो. लिडियाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, चहा ठेवला.

"मी वाट काढली आहे," पाळकसाहेब म्हणाले. "नियमात तोंडाला रंग लावणं आहे. तुम्ही मुखवट्याला लावलात. तोंडावर आला तो ओघळून. मी सभेत एवढंच सांगतो, तुम्ही फक्त गप्प बसा."

"आणि भीमा?"

"भीमाचा इथे काय संबंध?"

"त्याने तर रंगाला हातही लावला नव्हता. नुसती साथ दिली. त्याच्यासाठी अशी फट शोधत कोण फिरलं होतं? मी तर नाही फिरलो."

"बरं, मग उभे राहा. दोन वाक्यं. नाटक केलं, पाप झालं, क्षमा करा."

"नाटक केलं ते चुकलं नाही. नियम केला ते चुकलं. एवढं म्हणतो."

"ती कबुली होत नाही, मास्तर."

"नाहीच होत."

मला राहवलं नाही. "आधी नियमच रद्द करून घ्या ना! मग तुमचा प्रश्नच उरत नाही, आणि भीमाचाही."

"करायचाच आहे. पण तो मी पडल्यावर करा. आज केलात तर तो मला वाचवायला केला असं होईल. इतरांच्या मुलांना वेस बंद आणि राजाचा मुलगा आला की उघडी, असं होय?"

लिडियाबाईंनी कप जरा जोरातच ठेवला. "हे भीमासाठी चाललंय असं म्हणू नका हं! तुमच्या नियमातून तुम्हाला दुसऱ्या कुणी सोडवलेलं तुम्हाला सोसत नाही. तो नियम केलात तेव्हाही हेच तोंड होतं."

"तसंही असेल," मास्तर म्हणाले.

"असेल नाही, आहे. मी माझा हात तुमच्या बाजूने वर करणार. मला विचारायचं नाही."

"मी कुठे विचारतोय?"

पाळकसाहेब चहा अर्धा टाकून गेले.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी चर्च भरलं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. माझं सभासदत्व नगरच्या मंडळीत असल्यामुळे मला मत नव्हतं, म्हणून मोजायचं काम माझ्याकडे आलं. पाळकसाहेबांनी ठराव वाचला: कबुली देईपर्यंत यशया यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावं. "मतं सारखी पडली तर ठराव पडला असं समजायचं," तेही त्यांनी सांगितलं आणि मास्तरांना बोलायला वेळ दिला.

मास्तर उभे राहिले. "एलियाभाऊंचं म्हणणं खरं आहे. रंग लावला, खेळ केला. मुखवट्याच्या आत मीच होतो. पुढच्या नाताळात पुन्हा करीन. त्याला पाप म्हणणार नाही, आणि भीमाने म्हणावं असं मी म्हणत होतो, ते माझं चुकलं. त्याची क्षमा मी भीमाकडे मागितली आहे. इथे मागत नाही."

दाराबाहेरून भीमाचा आवाज आला, "यशया, लई लांबवतोस! बस की खाली!"

लोक हसले. एलियाभाऊ ओरडले, "भाईरच्यानं बोलू नये!"

"भाईर हाय म्हनूनच बोलतोय," भीमा म्हणाला.

पाळकसाहेबांनी आधी ठरावाच्या विरुद्ध हात मागितले. पहिला हात लिडियाबाईंचा वर गेला. मी बायकांची आणि पुरुषांची, दोन्ही बाजू मोजल्या. मग ठरावाच्या बाजूचे हात मागितले. एलियाभाऊंचा गेला, त्यांच्या मागची रांग गेली, आणि पहिल्या बाकावरून मास्तरांचा हात सरळ वर गेला.

"मास्तर!" पाळकसाहेब म्हणाले. "खाली घ्या तो. स्वतःविरुद्ध कुणी मत देतं का?"

"मी अजून सभासद आहे ना?"

"आहात, पण..."

"मग मोजा."

लिडियाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मास्तरांनी हात खाली घेतला नाही.

मी बायकांच्या बाजूने सुरुवात केली, पुरुषांच्या शेवटच्या बाकापर्यंत गेलो, आणि परत येताना पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा आकडा एकच आला.

ठरावाच्या बाजूने चव्वेचाळीस. विरुद्ध त्रेचाळीस.