बहात्तरची रेघ

ओव्हरसियर वाल्मीकराव शिरसाठ उंबरा ओलांडून आत आले आणि त्यांची टोपी चौकटीच्या वरच्या पट्टीला आपटून मागे गल्लीत पडली.

“जपून, साहेब,” हबीबमियाँ म्हणाले. “या दारात सगळ्यांनाच वाकावं लागतं. उद्या कलेक्टर आले तरी.”

“कलेक्टर कशाला येतील?” आतून त्यांच्या बायकोचा, माजिदाबींचा आवाज आला. “त्यांच्या घराला थोडीच नोटीस लागलीय!”

हबीबमियाँ हसले. ओव्हरसियर हसले नाहीत. नोटिसा त्यांनीच लावल्या होत्या. १९३७ची दिवाळी झाल्यावर नगरपालिकेने गोदेच्या काठाने रुंद रस्ता काढायचे ठरवले आणि रंगारगल्लीतली नदीकडची बावीस घरे त्या आखणीत सापडली. बदली जागा मिळणार होती, नदीच्या वरच्या अंगाला एका मळ्यात. एकवीस घरांनी आठ दिवस आरडाओरडा केला आणि नवव्या दिवशी सामान बांधायला घेतले. बाविसावे घर हबीब रंगाऱ्याचे. ते वाचण्याची शक्यता होती, आणि त्याला कारण हीच ठेंगणी चौकट होती.

हबीबच्या घरात चार पिढ्या कापड रंगवण्याचा धंदा. रंगाला पाणी लागते म्हणून घर नदीला लागून, आणि नदीला लागून म्हणून दर काही वर्षांनी नदी घरात. आजोबांनी एक रिवाज घालून दिला होता. पुराचे पाणी चढायचे थांबले की उतरायला लागण्याच्या आत घरच्या कर्त्याने चौकटीच्या उजव्या खांबावर पटाशीने आडवी रेघ मारायची, आणि त्या दिवशी जी नांद चालू असेल तिचा रंग रेघेत भरायचा. नांद वाहून गेली असेल तर माळ्यावर टाकलेले ओले कापड पिळून. रेघ ओल्या लाकडावरच मारायची, हा पक्का नियम. पाणी उतरले, लाकूड वाळले, की पटाशीला हात लावायचा नाही. वाळल्या लाकडावर माणूस आठवणीने रेघ मारतो, आणि आठवणीला वाढायची सवय असते.

खांबावर सात रेघा होत्या. चार खालच्या, निळ्या आणि पिवळ्या. त्यांच्यावर तीन जुन्या. सगळ्यांत वरची मंजिष्ठेची तांबडी, हबीबमियाँच्या छातीला येणारी, १८७२च्या महापुराची. गल्लीत तिला नुसते ‘बहात्तरची’ म्हणत. पाणी बहात्तरच्या खाली दोन हातांवर आले, असे कुणी ओरडले की बायका पिठाचे डबे माळ्यावर चढवायला लागत.

वॉर्डाचे मेंबर गोटीरामशेठ, पितळी भांड्यांचे व्यापारी, त्यांना ही चौकट फार आवडे. सभेत ते उभे राहिले. “गावात देवळांना तोटा नाही. पण नदीनं स्वतः सात वेळा सही केलेलं घर एकच आहे. रस्ता तिथं चार हात वळवा, दारात शिळा बसवा, आणि हे घर गावाची खूण म्हणून कायम ठेवा.” कमिटीला ते पटले. अट एकच घातली: रेघा आपल्या मूळ जागी आहेत, असा दाखला ओव्हरसियरने मोजून द्यावा. गोटीरामशेठ मोठे उतावळे. त्यांनी दाखल्याची वाटही न पाहता शिळा पाथरवटाकडे टाकली.

वाल्मीकरावांना त्याच मोजणीतून आणखी एक काम उरकायचे होते. त्यांनी तीन पायांची दुर्बीण गल्लीत उभी केली, चौकटीवर रोखली, आकडे लिहिले, बेरजा तपासल्या.

“नव्या वस्तीचं जोतं याच रेघेवरून धरायचं,” ते म्हणाले. “नदीचा उतार जमेस धरून, बहात्तरच्या वर एक फूट. म्हणजे बहात्तर पुन्हा आला तरी घरं कोरडी.”

हबीबमियाँनी दाढीवरून हात फिरवला. “साहेब, एका फुटाऐवजी पावणेदोन फूट धरा की.”

“का?”

“असंच. नदीचा काय भरवसा.”

“मी भरवसा मोजत नाही, मियाँ, रेघ मोजतो. तुम्ही नऊ इंच वाढवा म्हणता. उद्या कमिटी म्हणेल, सहा इंच कमी करा, भराव वाचेल. आकड्याला आधार असेल तरच तो टिकतो.” त्यांनी वही मिटली. “रेघा मूळच्याच ना?”

“खांब आजोबांच्या वेळचाच आहे,” हबीबमियाँ म्हणाले.

उत्तर खरे होते. ते विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते, एवढेच.

ओव्हरसियर वाकून बाहेर पडले. हबीबमियाँ चौकटीपाशी उभे राहिले. प्लेगच्या दुसऱ्या वर्षी, ते एकोणीस वर्षांचे असताना, त्यांनी स्वतः हा खांब खांद्यावर तोलून धरला होता. दर पुरात भिजून दोन्ही खांबांचे पाय कुजले होते. अब्बांनी केरू सुताराला बोलावले. त्याने खांबांचे कुजके पाय कापले आणि चौकट पुन्हा त्याच दगडांवर बसवली. दार ठेंगणे झाले. आणि खांबाबरोबर तोवरच्या तिन्ही रेघा खाली आल्या.

त्या पुन्हा वर मारा, असे केरूने सुचवले होते. अब्बा ऐकेनात. लाकूड वाळलेले होते. “वरच्या तिन्ही रेघांना एक वीत वर धरायचं,” एवढेच त्यांनी गल्लीला सांगितले, आणि तेव्हा गल्लीला ते पाठही झाले. मग प्लेगने निम्मी गल्ली नेली, उरलेल्यांतली निम्मी भिवंडीला गेली, नवी माणसे आली. हबीबमियाँचा मुलगा शौकत मनमाडला रेल्वेत होता. त्यालाही ही वीत माहीत नव्हती. लपवली नव्हती. सांगायची राहून गेली होती.

दुपारी जेवताना त्यांनी ती माजिदाबींना सांगितली. पस्तीस वर्षे त्या चौकटीखालून वाकत ये-जा करणारी बाई हातातला घास तसाच धरून बसली.

“मग? एक वीतच ना!”

“एका फुटातनं एक वीत गेली तर राहतात तीन इंच.”

“तीन इंच राहतात ना? पुरे झाले. पाणी काय पट्टी घेऊन येतं?”

“पाणी लाटा घेऊन येतं.”

“अहो, पासष्ट वर्षांत एकदा आलेला पूर. पुन्हा येईल तेव्हा तुम्ही असाल का मी?”

“एकवीस घरं असतील.”

“त्या एकवीस घरांचं मला सांगू नका!” माजिदाबींनी ताट पुढे ढकलले. “परवा तो फकिरा नळावर सगळ्यांसमोर काय म्हणाला? रंगाऱ्याला शिळा अन् आम्हाला धोंडा! ओठावर आलंय का कुणाच्या, की चला, एकाचं तरी घर वाचलं? याच घरात मी नवरी म्हणून आले. माझी अमिना याच खोलीत गेली. ती खोली पाडणाऱ्याला तुम्ही घराची किल्ली नेऊन देणार?”

अमिना हबीबमियाँचीही होती, अडीच वर्षांची. त्यांनी ताट पुन्हा बायकोपुढे सरकवले. तिने ते घेतले नाही.

सकाळी ते केरू सुताराकडे गेले. केरू आता सत्तरीला आला होता. दुकानात बैठकीला एक जाड सागवानी ठोकळा घेऊन तो त्यावर बसून रंधा मारी.

“केरूदादा, आमच्या चौकटीचे पाय कापलेस, ते किती रे कापलेस? नक्की आठवतं?”

“आठवायचं कशाला?” केरू उठला आणि ज्यावर बसला होता तो ठोकळा त्याने पायाने पुढे लोटला. “हा घे. तुझ्या बापानं चुलीत घालायला दिला होता. मी म्हटलं, साग जाळतो होय कुणी? आतनं पोकळ झालाय, पण उंची शाबूत आहे. चाळीस वर्षं तुझ्या घराच्या टाचेवर बसलोय मी!”

हबीबमियाँनी ठोकळा उचलला. अपेक्षेपेक्षा हलका होता. वरच्या बाजूला करवतीच्या खुणा अजून दिसत होत्या.

“कुठं निघालास घेऊन?”

“कचेरीत.”

केरूचे हसू मावळले. त्याला सगळे सांगावे लागले नाही. शिळेची गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. “अरे, मला कुणी विचारलं नाही, तुला कुणी पकडलं नाही,” तो म्हणाला. “ठेव खाली. मला बसायला काय राहील?”

“दुसरा देईन. आता लाकूड पुष्कळ निघेल.”

कचेरीत वाल्मीकराव दाखलाच लिहीत बसले होते. टेबलावर ठोकळा आला तसा त्यांनी टाक खाली ठेवला. ऐकून घेतले. मग ठोकळ्याला तीन बाजूंनी पट्टी लावली.

“साडेनऊ,” ते म्हणाले. थोड्या वेळाने स्वतःच्या टाळूवरून हात फिरवून म्हणाले, “तरीच ते दार.”

“आमचे अब्बा तुमच्याहून उंच होते, साहेब. पाय कापायच्या आधी तेही ताठ मानेनं आत यायचे.”

“काल मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात खांब आजोबांचा.”

“खांब आजोबांचाच. उंची त्यांची राहिली नाही.”

“हे मी लिहिलं तर घर जाईल.”

“हो.”

“आणि न लिहिता मला जोतं वाढवता येणार नाही.”

“तेही कालच तुम्ही सांगितलंत. आकड्याला आधार लागतो.” हबीबमियाँनी ठोकळा त्यांच्याकडे सरकवला. “हा घ्या आधार.”

वाल्मीकरावांनी अर्धा लिहिलेला दाखला बाजूला ठेवला आणि नवा कागद घेतला. लिहून झाल्यावर त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात विशेषण एकही नव्हते. चौकट सुमारे १८९८ साली साडेनऊ इंच खाली आली, त्याआधीच्या तीन रेघा तितक्या वर धराव्यात, त्यानंतरच्या चार जशाच्या तशा ग्राह्य, पुरावा सोबत. हबीबमियाँनी खाली सही केली.

कमिटीने कागद दहा मिनिटांत निकालात काढला. जोते साडेनऊ इंच वाढवावे, हे मंजूर. रेघा मूळ जागी नसल्याने घर राखण्याचा ठराव रद्द.

गोटीरामशेठ तरातरा गल्लीत आले, दारात वाकायचे विसरले आणि कपाळ चोळत आत शिरले. “मियाँ, शिळा तयार आहे! नाव कोरून झालंय! आठ दिवस गप्प बसला असतात तर नाशकात तुमच्या घराण्याचं नाव राहिलं असतं.”

“राहिलं असतं, शेठ,” हबीबमियाँ म्हणाले. “साडेनऊ इंच खाली.”

जाताना शेठ चौकटीला हात लावून, नीट वाकून गेले.

फाल्गुनात घर पाडले. माजिदाबी त्या दिवशी मनमाडला शौकतकडे जाऊन राहिल्या. चौकट केरूने स्वतः सोडवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नव्या घराच्या दाराला तीच बसवू, असे तो म्हणाला. हबीबमियाँनी नकारार्थी मान हलवली. जुन्या घरासमोरच्या पाण्याच्या रेघा नव्या जागी खोट्या. रेघांचा खांब त्यांनी माळ्याखाली तुळई म्हणून आडवा घातला. “उभा केला तर खोटं सांगेल,” ते म्हणाले. “आडवा आहे तोवर गप्प राहील.” दाराला केरूने नवी चौकट केली, कोरी, आणि चांगली उंच.

साडेनऊ इंच म्हणजे बावीस घरांना एकेक पायरी जास्त झाली. ती पायरी वस्तीत कुणालाही आवडली नाही. पाण्याचा हंडा घेऊन चढताना बायका तिला शिव्या देत. फकिरा तिला ‘रंगाऱ्याची पायरी’ म्हणे, आणि ते नाव चिकटले. अडतीसच्या पावसाळ्यात गोदा मळ्याच्या बांधापर्यंतही आली नाही. एकोणचाळीसचाही पावसाळा तसाच गेला. “एवढी शिडी करून ठेवली,” फकिरा दोन्ही वर्षी म्हणाला, “आता पूर तरी आणून दाखवा, चाचा!”

“न येवो,” हबीबमियाँ दोन्ही वर्षी म्हणाले.

माजिदाबी मनमाडहून महिन्याने परतल्या होत्या. शिव्या देण्यात त्याही मागे नव्हत्या. त्यांचे गुडघे दुखत. पण फकिऱ्याच्या बायकोने एकदा ‘रंगाऱ्याची पायरी’ म्हटले, तेव्हा त्यांनी तिला नळावर अशी झाडली, की ते नाव पुढे फक्त त्यांच्या मागे घेतले जाऊ लागले.

त्या पावसाळ्यानंतरच्या पौषात पेठच्या डोंगरातून तानुबाई हिरड्याची पाटी डोक्यावर घेऊन आली. रंग धरायला हिरडा लागतो, म्हणून तिचे जुन्या घरी वर्षानुवर्षे येणे होते. मधे दोन वर्षे खाडा पडल्याने नवे घर ती पहिल्यांदाच पाहत होती. दारापुढे येऊन तिने सगळ्यांत खालच्या पायरीवर पाय दिला, मान जराशी कलवली आणि कुणाचा हात न लागता पाटी सरळ ओट्यावर सरकवली.

“हे लय बेस केलं,” ती पदराने मान पुसत म्हणाली. “तिकडं पाटी उतरायला दोन माणसं लागायची. पण चाचा, ही एवढी उंची कशापायी? बाकी गावात नाय कुठं.”

हबीबमियाँ नांदेपाशी होते. त्यांनी हात धुतले, निळी बोटे लुंगीला पुसली आणि येऊन पायरीवर बसले. “बस,” ते म्हणाले. “प्लेगचं दुसरं वर्ष होतं...”

शौकतला सांगून झाले होते, त्याच्या बायकोला सांगून झाले होते, टपालवाल्याला दोनदा. या वेळी सांगायचे राहू द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. आतून माजिदाबी ओरडल्या, “तानुबाई, ते सांगतायत त्यात वीत म्हणतील, ती वीत नाही. साडेनऊ इंच आहेत. नीट ऐकून घे, अन् गावात सांगशील तर तेवढेच सांग. चहा ठेवते.”