अळ्यांची बरणी

खजूर उतरवण्याचे दिवस होते. अख्खं गाव चौकात एका काचेच्या बरणीकडे डोळे लावून बसलं होतं. बरणीत किडका खजूर होता आणि त्यावर अम्मारबाबानं शिंपडलेलं मंतरलेलं पाणी. झाकण लागलं, बाबा पुटपुटला आणि थोड्या वेळानं फळांतून अळ्या वळवळत बाहेर पडल्या. म्हातारी माणसंसुद्धा डोळे पुसू लागली.

"खजुरातला किडा माझं ऐकतो," बाबा म्हणाला, "मग पोटातला काय माझा मेहुणा लागतो?"

लोक हसले आणि त्या पाण्याच्या बाटल्या घेऊन घरी गेले. पाण्याला संत्र्याच्या फुलांचा घमघमाट होता. फुलांचं ते पाणी आम्हा ट्युनिशियातल्या लोकांच्या घरोघर असतं. तान्ह्याचं पोट दुखलं की तेच पाजतात. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. शिवाय दारूला न शिवणारं गाव, तिचा वास ओळखणार कोण?

सालहानं आपल्या हातेमला पेलाभर पाजलं. चिमुरड्याला जंत झाले होते, एवढंच. सकाळी तो उठेना, तेव्हा तिनं त्याला माझ्या दवाखान्यात आणलं. अंग गार पडलेलं, श्वासाला फुलांचा वास आणि त्याखाली दारूचा. मी सलाईन लावलं, साखर दिली, जे येत होतं ते सगळं केलं. पोर गेलं.

बाबा म्हणाला, "आईची श्रद्धा कमी पडली." सालहानं ते खरं मानलं. जेवेना, कोणाशी बोलेना. ते मला सोसवेना.

मी चौकात बरणी मांडली. वाण्याकडचं स्टोव्हचं स्पिरिट कापसावर घेतलं, किडक्या खजुरावर ठेवलं, झाकण लावलं आणि मंत्राऐवजी बेचा पाढा म्हटला. अळ्या तशाच बाहेर आल्या. अल्कोहोलच्या वाफेनं त्या गुदमरतात आणि फळ सोडून पळतात, बाकी काही नाही. मग बाबाच्या पाण्याला काडी लावली. निळी ज्योत उठली. बाबा तोवर पसार झाला होता.

सालहा पुढे आली. "डॉक्टर, म्हणजे माझी श्रद्धा कमी नव्हती?"

"नव्हती, बाई."

"जास्त असती तर वाचला असता?"

जास्त असती तर तिनं दुसरा पेलाही पाजला असता.

लोकहो, चमत्कार बघायचा तर जरूर बघा. पण लेकराच्या ओठाला काही लावण्याआधी त्यात काय आहे ते विचारा. देणारा चिडला, तर ओतून टाका. विचारल्यानं श्रद्धा कमी होत असेल, तर होऊ द्या. लेकरू तरी राहील.